‘कडवटपणा’ या शब्दाबद्दल: एका प्रतिक्रियेला उत्तर

पेशंट सांभाळायला घरोघरी अटेंडंट पाठवणाऱ्या होमकेअर कंपन्यांची ऑफिसं त्याच अटेंडंटना कशी वागवतात, या माझ्या लेखावर ‘एक व्यवस्थापक’ या नावाने एक प्रतिक्रिया आली आहे. नव्याने वाचणाऱ्यांना संदर्भ लागावा म्हणून ती आधी देते.

“लेख एकतर्फी आहे. ज्या नऊ जणींशी तुम्ही बोललात त्या सगळ्या नोकरी सोडून गेलेल्या. त्यांच्या कडवटपणाला तुम्ही ‘अनुभव’ म्हणता. या बायका ऐनवेळी दांडी मारतात तेव्हा पेशंटच्या घरच्यांचं ऐकून घ्यावं लागतं ऑफिसला, त्यावर एक ओळ नाही. शिवाय बुर्टझॉर्ग २००७ साली नव्हे, २००६ साली सुरू झाली. आधी गृहपाठ करा, मग लेखणी उचला.”

नमस्कार. सालाबाबत तुमचं बरोबर आहे. बुर्टझॉर्ग, म्हणजे पेशंटच्या घरी जाऊन शुश्रूषा करणारी नेदरलँड्समधली संस्था, २००६ साली सुरू झाली. माझ्याकडून चूक झाली, लेखात दुरुस्त केली आहे, लक्षात आणून दिल्याबद्दल आभार. मात्र तिथे नर्सेसचे जास्तीत जास्त बारा जणांचे गट असतात, कोणाच्या घरी कोण कधी जाणार हे गटच आपसात ठरवतो आणि वरून ड्युट्या वाटणारा साहेब नसतो, हे मी त्याच परिच्छेदात लिहिलं होतं. त्याबद्दल तुम्ही एक शब्द काढलेला नाही.

आता गृहपाठ. हा शब्द मला लागला, ते लपवत नाही. मतभेद असू शकतात, पण एखाद्या माणसाशी बोलायची ही पद्धत आहे का? तुम्ही मला ओळखत नाही. मी या कामात अकरा वर्षं काढली, पहिली सहा अटेंडंट म्हणून आणि पुढची पाच कोऑर्डिनेटर म्हणून. लेखाच्या दुसऱ्याच परिच्छेदात ते लिहिलेलं आहे. अंथरुणाला खिळलेल्या पेशंटची कूस बदलताना माकडहाड आणि टाचा न चुकता बघायच्या, लाल झालेली जागा बोटाने दाबून ती पांढरी पडते का ते पाहायचं, दाबूनही लाली तशीच राहिली तर बेडसोर, म्हणजे पडून राहिल्याने होणारी जखम, सुरू झाला असं समजायचं आणि तिथे चोळायचं नाही, हे मला कंपनीच्या दोन दिवसांच्या ट्रेनिंगमध्ये कोणी सांगितलं नाही. रात्रपाळी सकाळी माझ्या हाती देताना एका जुन्या अटेंडंटने दाखवलं. माझा गृहपाठ असा झाला. तुम्ही कधी दुसऱ्याच्या आईचं डायपर बदललंय का, असं विचारावंसं वाटतं. विचारतेच.

पण खरं बोलायचंय ते ‘कडवटपणा’वर. नोकरी सोडलेल्यांशीच का बोलले? कारण नोकरीत असलेल्या बोलत नाहीत. आजही ड्युटीवर असलेल्या पाच जणींना मी विचारलं होतं. पाचही जणी नाही म्हणाल्या. एक म्हणाली, “ताई, माझे महिन्याचे दिवस ऑफिसच्या हातात आहेत.”

या वाक्याचा अर्थ तुम्हाला माझ्याइतकाच कळतो. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. या कामात बहुतेक जणींना पैसे ड्युटीच्या दिवसांवर मिळतात. पेशंट गेला, हॉस्पिटलमध्ये हलवला, किंवा घरच्यांनी सेवा थांबवली, की त्याच दिवशी ड्युटी संपते. पुढच्या घरासाठी कोणाला आधी फोन करायचा, हे कोऑर्डिनेटर ठरवते. त्यामुळे कोणाला कामावरून काढायची गरजच पडत नाही. फोन यायचा बंद होतो, बस्स. पत्र नाही, कारण नाही, दाद मागायला कागदसुद्धा नाही.

हे मी ऐकीव सांगत नाही. पाच वर्षं तो फोन माझ्या हातात होता. उलट बोलणारीचं, सुट्टी मागणारीचं, प्रवासाचा वेळ कामात का धरत नाही असं विचारणारीचं नाव मी यादीत खाली सरकवलं आहे. तसं कर म्हणून मला कोणी कधी सांगितलं नव्हतं. शेजारच्या टेबलावर तेच चालायचं, मीही करू लागले. त्याची लाज मी आजही बाळगून आहे. तुम्हाला लेख एकतर्फी वाटला असेल, तर मी दोन्ही बाजूंना बसलेली आहे एवढं तरी लक्षात घ्या.

आता माझ्या स्वतःच्या ‘कडवटपणा’तली एक गोष्ट. लेखात ती घातली नव्हती. तुमच्या प्रतिक्रियेनंतर घालायला हवी होती असं वाटलं.

अटेंडंट म्हणून दुसरं वर्ष. एका आजींकडे रात्रीची ड्युटी लागली. तिसऱ्या रात्री त्यांचा मुलगा खोलीत आला, दार लोटून घेतलं आणि माझ्या शेजारी बसला. आजी जाग्या झाल्या, त्यांनी हाक मारली, म्हणून तो उठून गेला. उरलेली रात्र मी आजींच्या पलंगाला पाठ लावून बसून काढली. पहाटे बाहेर पडून सुपरवायझरला फोन केला. ती म्हणाली, “आधीचीही तेच म्हणत होती.” तिच्या आवाजात धक्का नव्हता, कंटाळा होता. म्हणजे ऑफिसला माहीत होतं आणि तरी मला पाठवलं होतं. दुपारपर्यंत तिसरी मुलगी त्या घरात पोचलेली होती. तिला कोणी काही सांगितलं नाही. मीही नाही, कारण माझ्याकडे तिचा नंबर नव्हता. शिफ्ट पूर्ण न करता निघाले म्हणून माझी ती ड्युटी अर्धी धरली आणि पुढचे नऊ दिवस फोन आला नाही.

नोकरीत असताना मी हे कोणापाशीही बोलले नाही. सोडल्यावर बोलले. आता तुमच्या मोजमापाने हा अनुभव की कडवटपणा?

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१९ साली कामावरच्या हिंसा आणि छळाविरुद्ध १९० क्रमांकाचा करार स्वीकारला. जिथे काम चालतं ती खाजगी जागाही कामाचीच जागा, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. म्हणजे पेशंटचं घर हे अटेंडंटचं कामाचं ठिकाण. “ते त्यांचं घर आहे, आपण काय बोलणार” हे उत्तर मला तीन वेगवेगळ्या सुपरवायझरनी दिलं होतं. कोऑर्डिनेटर झाल्यावर मी स्वतः ते किती जणींना दिलं, ते मोजलेलं नाही.

आणि तक्रार करणारीला कडवट म्हणणं नवं नाही. अमेरिकेत १९७४ साली किमान वेतनाच्या कायद्यात घरकामगारांना घेतलं, पण आजारी-वृद्धांना ‘सोबत’ करणाऱ्यांना वगळलं. वर्षानुवर्षं घरोघरी जाऊन पेशंट सांभाळलेल्या एव्हलिन कोक यांनी जादा तासांच्या पैशांसाठी दावा लावला. २००७ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो एकमताने फेटाळला. २००९ साली त्या वारल्या. कंपन्यांनी पाठवलेल्या अशा कामगारांना किमान वेतन आणि जादा तासांचे पैसे लागू करणारा नियम सरकारने काढला तो २०१३ साली. ज्या कामाला कायदा सोबत म्हणत होता त्यात उचलणं, पुसणं, भरवणं, रात्र जागणं सगळं होतं. बाई बोलली म्हणून ते कागदावर आलं.

दांडीबद्दल तुम्ही लिहिलंत. हो, दांड्या होतात. कारणं पुष्कळ आहेत, त्यावर वेगळं लिहीन, इथे फाटे फोडत नाही. घरच्यांचं ऐकून घ्यावं लागतं, तेही खरं. मीही घेतलं आहे, ऑफिसात खुर्चीवर बसून. त्याच वेळी बदली आली नाही म्हणून चोवीस तास उलटून गेलेली अटेंडंट पेशंटपाशी उभी असायची आणि तिला आम्ही फोनवर सांगायचो, “सोडून गेलीस तर जबाबदारी तुझी.”

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. तुमच्या कंपनीत वेगळं चालत असेल तर जरूर लिहा, मी छापेन. ड्युटी कोणाला द्यायची हे कोण ठरवतं, वाईट घराची नोंद कुठे होते, ती नोंद पुढच्या मुलीला दाखवता का, एवढं त्यात असू द्या. आणि लिहाल तेव्हा ‘या बायका’ असं लिहू नका. त्यांच्यातल्या दोघी हा ब्लॉग वाचतात. काल रात्री त्यातल्या एकीने मला तुमच्या त्या ओळीचा स्क्रीनशॉट पाठवला. खाली काही लिहिलं नव्हतं.