बंदी, फाशी आणि मामांचा फॉरवर्ड

मामा तोफखान्यात चोवीस वर्षं होते, त्यातली काही देवळालीला. त्यामुळे सैन्याबद्दलचा कुठलाही मजकूर त्यांच्या माजी सैनिकांच्या ग्रुपवर आला की अर्ध्या तासात तो आमच्या घरच्या ग्रुपवर येतो. परवाचा असा, थोडक्यात: "'पाथ्स ऑफ ग्लोरी' या फ्रेंच सिनेमावर फ्रान्स सरकारने 18 वर्षे बंदी घातली, रिळे जाळली. सिनेमात जनरल आपल्याच निरपराध शिपायांना गोळ्या घालवतो. असे फ्रान्समध्ये कधी घडलेच नाही, अमेरिकनांनी बदनामीसाठी रचलेली कथा! चुकार जनरलांना फ्रान्सने फाशी दिली होती. सैन्याची बदनामी सहन न करणारा देश!" खाली मामांनी लिहिलं होतं, "वाचा. याला म्हणतात राष्ट्र."

एरवी मी अंगठा देऊन पुढे गेलो असतो. पण संध्याकाळी त्यांच्या नातीने, जी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते, मला विचारलं, "काका, हे 1957 चं का? नोट्समध्ये लिहून ठेवू?" म्हणून हे लिहायला बसलो.

'फ्रेंच सिनेमा' हे आधी निकालात काढू. सिनेमा अमेरिकन, भाषा इंग्रजी, दिग्दर्शक स्टॅनली कुब्रिक, नायक कर्क डग्लस. फ्रेंच कर्नल, फ्रेंच जनरल, फ्रेंच शिपाई, सगळे अस्खलित इंग्रजीत बोलतात आणि पाच मिनिटांनी ते आपल्याला खटकतही नाही. चित्रीकरणसुद्धा फ्रान्समध्ये नाही, जर्मनीत म्युनिकच्या आसपास झालं. जनरलचा तो भव्य महाल म्हणजे श्लाइसहाइमचा राजवाडा. आणि खंदकातून 'फ्रान्ससाठी' धावत सुटणारे ते शेकडो शिपाई? जर्मन पोलीस! बारा वर्षांपूर्वी संपलेल्या महायुद्धानंतर फ्रेंच गणवेश घालून धावायला त्यांना कसं वाटलं असेल कोण जाणे. शेवटी एक मुलगी रडत रडत गाणं म्हणते, तेही जर्मन.

आता बंदी. इथे फॉरवर्डवाल्याला थोडं द्यावं लागेल, नाइलाजाने. फ्रान्समध्ये हा सिनेमा खरंच 1975 पर्यंत दाखवला गेला नाही. पण सरकारने बंदीचा हुकूम काढला असं झालं नाही. वितरकांनी तो फ्रेंच सेन्सॉरपुढे नेलाच नाही. फ्रान्सच्या ताब्यातल्या अल्जीरियात युद्ध पेटलेलं होतं, सैन्यावर बोट ठेवणारा सिनेमा पास होणार नाही हे सगळ्यांना दिसत होतं. पडद्यामागे फ्रेंच दबाव होताच: 1958 मध्ये बर्लिनच्या महोत्सवातून तो मागे घ्यावा लागला, ब्रुसेल्समध्ये माजी सैनिकांनी निदर्शनं केली. म्हणजे 'फ्रान्समुळे दाबला गेला' म्हणा, मी वाद घालणार नाही. 'फ्रान्सने बंदी घातली' ही वेगळी गोष्ट. गंमत म्हणजे ज्या देशांच्या सरकारांनी खरोखर बंदी घातली त्यातला एक स्वित्झर्लंड. त्याचं नाव फॉरवर्डमध्ये नाही. रिळं जाळण्याचं तर सोडूनच द्या. जी देशात आणलीच नाहीत ती जाळली कशी?

पण मला चीड आली ती 'असे कधी घडलेच नाही' या ओळीची. कारण ते घडलं होतं.

तारीख 10 मार्च 1915, पहिलं महायुद्ध चालू होतं. (त्याच दिवशी त्याच आघाडीवर उत्तरेला, नव शापेलला, आपल्याकडच्या पलटणी हल्ल्यात उतरल्या होत्या.) फ्रान्सच्या शांपान्य भागातल्या सुएं गावाजवळ फ्रेंच सैन्याच्या 336 व्या इन्फंट्रीच्या एका कंपनीला पुन्हा हल्ला करायचा हुकूम आला. आधीचे हल्ले फसलेले, माणसं थकलेली, समोर तारांची कुंपणं शाबूत, मधे प्रेतं पडलेली. शिपाई खंदकातून बाहेर पडले नाहीत. डिव्हिजनचा जनरल रेवेयाक याने आपल्याच तोफखान्याला आपल्याच खंदकांवर मारा करायला सांगितलं. तोफखान्याच्या कर्नलने लेखी हुकूम मागितला. तो मिळाला नाही, तोफ चालली नाही.

मग 24 जणांवर कोर्ट मार्शल. त्यात सहा कॉर्पोरल, म्हणजे आपल्याकडच्या नाईकाच्या दर्जाचे. 16 मार्चला खटला, 17 ला चार कॉर्पोरलना गोळ्या घातल्या: तेओफिल मोपा, लुई जिरार, ल्युसिएं लशा, लुई लफुलों. मोपा हे पेशाने शाळामास्तर. त्यांची बायको ब्लांश, तीही शिक्षिका. नवऱ्याच्या माथ्यावरचा 'भ्याड' हा शिक्का पुसण्यासाठी ही बाई जवळजवळ एकोणीस वर्षं झगडली. अर्ज फेटाळले गेले, तिने पुन्हा केले. शेवटी 1932 च्या कायद्याने एक विशेष लष्करी न्यायालय नेमलं गेलं. त्यात न्यायाधीशांबरोबर युद्धात लढलेले माजी सैनिकही बसत. मामा, हे नीट वाचा. 1934 च्या मार्चमध्ये त्या न्यायालयाने चौघांना निर्दोष ठरवलं. ब्लांशला भरपाई मिळाली प्रतीकात्मक एक फ्रँक.

हे मी कुठून आणतोय? सिनेमा ज्या कादंबरीवर बेतलाय ती हम्फ्री कॉबने 1935 मध्ये लिहिली. कॉब स्वतः पहिल्या महायुद्धात कॅनडाच्या सैन्यातून लढलेला. पुस्तकाच्या शेवटी तो सांगतो की यातली माणसं, पलटणी, गावं काल्पनिक आहेत, पण असं खरंच घडलं का विचाराल तर उत्तर 'हो'. पुढे तो स्वतःचे आधार देतो, त्यात न्यूयॉर्क टाइम्सची 1934 ची एक बातमी आहे. गोळ्या घातलेल्या फ्रेंच शिपायांच्या विधवांना मिळालेल्या भरपाईचा आकडा त्या बातमीच्या मथळ्यातच होता: सात सेंट. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने ते पुस्तक शेवटपर्यंत उलटलं असतं तरी पुरलं असतं.

राहिली जनरलची फाशी. रेवेयाकला फाशी झाली नाही. लेजिओं द'ऑनर या फ्रान्सच्या सर्वोच्च सन्मानातला वरचा किताब मिळाला.

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं नाही, मामांना फोन केला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हुकूम न मानणं वाईटच." मी म्हटलं, "मामा, ते मी कुठे नाकारतोय?" पुन्हा शांतता. मग त्यांनी विचारलं, "त्या तोफखान्यावाल्याने लेखी मागितलं म्हणतोस?"

"हो. सिनेमातही आहे तो प्रसंग, फक्त तिथे तो कॅप्टन दाखवलाय."

"खरा कोण होता? नाव काय त्याचं?"

"कर्नल बेरुबे."

"स्पेलिंग पाठव," म्हणाले, आणि फोन ठेवला.