निवाडा लांबवण्याची सवय

काही दिवसांपूर्वी एक कादंबरी जवळजवळ तीस वर्षांनी पुन्हा वाचायला घेतली. प्रत तीच होती, पिवळी पडलेली, आणि समासात ठिकठिकाणी माझ्याच पेन्सिलीच्या नोंदी होत्या. मध्यावर एक प्रसंग आहे. मुलाच्या नावाने आलेले पत्र आई उघडून वाचते, पुन्हा पाकिटात घालते आणि शिवणाच्या डब्यात तळाशी लपवते. त्या परिच्छेदाशेजारी बावीस वर्षांच्या मी ‘स्वार्थी बाई’ असे लिहून खाली दोन रेघा ओढल्या होत्या. या वेळी त्याच पानावर बराच वेळ थांबले. आठ-दहा पाने मागे जाऊन पाहिले, तर मुलगा झोपल्यावर हीच आई अंधारात त्याच्या बुटांच्या तळव्यांवरून हात फिरवते आणि ते किती झिजले आहेत हे चाचपून बघते, असे एक वाक्य होते. ते वाक्य तेव्हाही तिथेच होते. लेखकाने तिला कुठेही स्वार्थी म्हटलेले नाही आणि निर्दोषही ठरवलेले नाही. दोन शब्दांत निकाल देऊन मोकळी झाले होते ती मी.

साहित्याचे वाचन घटल्याने संस्कृतीची हानी होते का, या प्रश्नाला माझे उत्तर ‘होय’ असे आहे, परंतु ही हानी आपण बहुधा चुकीच्या जागी शोधतो. माहिती मिळवण्याचे मार्ग आज पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक आहेत, त्यामुळे ज्ञान बुडाले असे मी म्हणणार नाही. नव्या पिढीला अभिजात ग्रंथांची नावे ठाऊक नसतात, या तक्रारीतही मला फारसा जीव दिसत नाही. माणसाविषयीचा निवाडा काही काळ लांबवायचा, त्याला पुरते पाहून-ऐकून घेईपर्यंत आपले मत राखून ठेवायचे, ही सवय मात्र शिकावी लागते, आणि ती अंगवळणी पाडण्याचे काम कथा-कादंबरीइतक्या चिकाटीने दुसऱ्या कशाने केलेले मला माहीत नाही. वाचन घटते तेव्हा समाजाची ही सवय सुटत जाते, असे माझे म्हणणे आहे.

वाचन खरोखरच घटते आहे का, हे आधी पाहिले पाहिजे. अमेरिकेतील ‘नॅशनल एन्डाउमेंट फॉर द आर्ट्स’ ही सरकारी संस्था प्रौढांच्या वाचनाची पाहणी अनेक दशके करत आली आहे. वर्षभरात एखादी कथा, कादंबरी, कविता किंवा नाटक वाचणाऱ्यांचे प्रमाण १९८२ मध्ये ५६.९ टक्के होते, ते २००२ मध्ये ४६.७ टक्क्यांवर आले. पुढे निव्वळ कथा-कादंबरी वाचणाऱ्यांचे प्रमाण २०१२ मधील ४५.२ टक्क्यांवरून २०२२ मध्ये ३७.६ टक्क्यांवर उतरले. ब्रिटनमध्ये ‘नॅशनल लिटरसी ट्रस्ट’च्या पाहणीत, मोकळ्या वेळात वाचायला आवडते असे सांगणारी ८ ते १८ वयोगटातील मुले २००५ मध्ये निम्म्याहून थोडी अधिक होती, २०२५ मध्ये ती ३२.७ टक्के, म्हणजे तिघांत एक, इतकीच उरली. हे आकडे दोनच देशांचे आहेत आणि ते सरसकट सगळ्या जगाला लावू नयेत, तरीही जिथे इतकी वर्षे सातत्याने मोजणी झाली आहे तिथे ओघ कोणत्या दिशेने आहे, हे स्पष्ट आहे.

यावर नेहमी घेतला जाणारा आक्षेप मला गंभीर वाटतो. प्रत्येक पिढी असाच गळा काढते, असे म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. प्लेटोच्या ‘फिड्रस’ या संवादात सॉक्रेटिस लेखनकलेवरच संशय घेतो, कारण लिहून ठेवण्याची सोय झाली की माणसे स्मरणशक्ती वापरेनाशी होतील. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीत तर तक्रार नेमकी उलटी होती: लोक, विशेषतः तरुण आणि स्त्रिया, कादंबऱ्या फार वाचतात, आणि या ‘वाचनवेडा’ने समाज बिघडतो आहे. त्या तक्रारी टिकल्या नाहीत, मग आजच्या तक्रारीला वेगळा मान का द्यावा?

मला यातून वेगळाच बोध होतो. सॉक्रेटिसची भीती फोल ठरली, असे आपण म्हणतो खरे, पण ती बऱ्याच अंशी खरीच ठरली. मिलमन पॅरी या अमेरिकन अभ्यासकाने १९३०च्या दशकात युगोस्लाव्हियात फिरून मौखिक महाकाव्ये नोंदवली, तेव्हा अव्दो मेजेदोविच नावाच्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या गायकाने १९३५ मध्ये बारा हजारांहून अधिक ओळींचे एक काव्य त्याला ऐकवून उतरवून दिले. लिपी नसतानाही संस्कृती किती समृद्ध असू शकते, याचा याहून चांगला पुरावा नाही, आणि वाचनाशिवाय संस्कृतीच नाही असे मी म्हणूच शकत नाही. परंतु अव्दोची ती ताकद आभाळातून पडली नव्हती. तिच्यामागे वर्षानुवर्षे ऐकणे होते, घोटणे होते, आणि समोर रात्र-रात्र बसून ऐकणारी माणसे होती. वाचन सोडणाऱ्या समाजाला अव्दोची स्मरणशक्ती बक्षीस म्हणून परत मिळत नाही. एक शिस्त गेली आणि तिच्या जागी दुसरी आली, तर तो बदल असतो. शिस्त गेली आणि तिची जागा रिकामीच राहिली, तर ते नुकसान असते.

वाचन ही शिस्त आहे, हे आपण विसरतो, कारण लहानपणी ती एकदा जमली की श्वासासारखी सहज वाटू लागते. लेखनाचा शोध लागून जेमतेम पाच हजार वर्षे झाली आहेत. बोलणे मूल ऐकता ऐकता शिकते, वाचन मात्र त्याला शिकवावे लागते; वस्तू आणि चेहरे ओळखण्यासाठी घडलेल्या मेंदूतल्या यंत्रणांना अक्षरांच्या कामाला जुंपून प्रत्येक मूल ते नव्याने मिळवते. जी गोष्ट प्रत्येक पिढीला मुळापासून कमवावी लागते, ती एका पिढीत हातची जाऊही शकते.

आता शब्दांकडे वळते, कारण निवाडा लांबवायचा तर माणसाच्या मनात काय चालले आहे ते सांगणारे बारीक शब्द हाताशी लागतात. डोनाल्ड हेज आणि मार्गारेट अहरेन्स या संशोधकांनी १९८८ मध्ये इंग्रजीपुरती एक मोजणी प्रसिद्ध केली होती. त्यांना लहान मुलांच्या पुस्तकांत दर हजार शब्दांमागे सुमारे ३१ कमी प्रचारातले शब्द आढळले, तर पदवीधर प्रौढांच्या आपसांतील बोलण्यात सुमारे १७. शिकलेली मोठी माणसे गप्पांमध्ये जेवढे शब्द वापरतात, त्याहून श्रीमंत भांडार मुलांच्या पुस्तकात असते, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. केवळ बोलण्यावर आणि ऐकण्यावर वाढलेल्या मुलाला हे शब्द भेटणार तरी कुठे?

माझ्या भाच्याचे एक शिक्षक गेल्या वर्षी वारले. ते आजारी असल्याचे त्याला ठाऊक होते, भेटायला जायचे त्याच्या मनातही होते, पण आज-उद्या करता करता राहून गेले. तो माझ्याकडे आला तेव्हा म्हणाला, “मावशी, मला डिप्रेशन आलंय बहुतेक.” थोड्या वेळाने म्हणाला, “गिल्टी वाटतंय.” मग स्वतःच मान हलवून म्हणाला, “नाही, गिल्टी पण नाही. मी काही वाईट केलेलं नाही.” मी त्याला म्हटले, “चुटपुट लागली आहे तुला.” त्याने तो शब्द दोनदा उच्चारून पाहिला आणि म्हणाला, “हो. हेच.” चुटपुट, रुखरुख, हुरहूर, तगमग, कासाविशी हे सगळे दुःखाच्याच आसपासचे शब्द आहेत, परंतु करायचे राहून गेल्याची चुटपुट वेगळी आणि कशाची ते न कळणारी हुरहूर वेगळी, हे भेद कोणा एका माणसाने बसून केलेले नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या माणसे ते वापरत आली, आणि बोलण्यातून ते मागे पडू लागले तेव्हा कथा-कवितांनी ते जपून ठेवले. हे शब्द गेले की त्या भावना जात नाहीत; त्या सगळ्या एकाच मोठ्या, जड शब्दाखाली चेंगरतात, आणि मग स्वतःलाही धड सांगता येत नाही की आपल्याला नेमके काय होते आहे.

पडद्यावरच्या दीर्घ मालिकाही गोष्टच सांगतात ना, असे मला विचारले जाते. सांगतात, आणि काही फार उत्तम सांगतात. पण एक साधे उदाहरण घेते. “तो दाराशी थांबला. आता आत जाऊन काय सांगायचे? पैसे तर नव्हतेच.” यातले दुसरे वाक्य कोणाचे आहे? निवेदकाचे म्हणावे तर प्रश्न त्या माणसाचा आहे. त्या माणसाचे म्हणावे तर अवतरणचिन्हे नाहीत, तो बोललेला नाही. वाचणाऱ्याच्या नकळत ते वाक्य त्याच्या स्वतःच्या आतल्या आवाजात उमटते आणि क्षणभर दाराशी थांबलेला तोच होतो. कॅमेरा चेहरा दाखवतो, आणि चेहरा आपण बाहेरून बघतो. हे बघणे कमी प्रतीचे आहे असे मला म्हणायचे नाही. मात्र परक्या माणसाला आपल्या आवाजात विचार करू देण्याची ही युक्ती गद्याची आहे, आणि ती वाचूनच अनुभवता येते.

या युक्तीचे सामर्थ्य लिन हंट या इतिहासकार स्त्रीने २००७ मधील आपल्या ग्रंथात मांडले आहे. अठराव्या शतकात, मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यांच्या आधीच्या दशकांत, पत्ररूप कादंबऱ्यांची लाट आली होती. सॅम्युअल रिचर्डसनच्या १७४० मधील ‘पामेला’ची नायिका घरकाम करणारी एक तरुण मुलगी आहे. तिच्या मनाची उलघाल शेकडो पाने वाचत राहताना, ज्यांच्या घरी अशा मुली राबत होत्या तेही तिच्यासाठी रडले. आपल्यापेक्षा खालच्या मानलेल्या माणसाचे अंतरंग आपल्याइतकेच खोल असते, हे आधी अनुभवले गेले आणि मग कायद्याच्या भाषेत आले, असे हंट सुचवतात. कादंबरीने हक्क निर्माण केले, इतका सरळ कार्यकारणभाव मी मान्य करणार नाही, पण नोकर मुलीच्या मनाला शेकडो पाने देणे हीच त्या काळात केवढी मोठी गोष्ट होती!

इथे अतिशयोक्ती टाळली पाहिजे. साहित्य वाचल्याने माणूस चांगला होतो, असा दावा मी करत नाही. २०१३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध झाला, त्यात ललित साहित्याचा छोटा उतारा वाचल्यावरही दुसऱ्याचे मन ओळखण्याची क्षमता वाढते असे दिसले होते. त्याचा फार गवगवा झाला, परंतु पुढे इतरांनी तोच प्रयोग करून पाहिला तेव्हा त्यांतल्या अनेकांना तो निष्कर्ष पुन्हा मिळाला नाही. त्याचे मला आश्चर्य वाटत नाही. दहा मिनिटांच्या वाचनाने सवय लागत नसते. समीक्षक जॉर्ज स्टायनर यांनी तर याहून भयंकर सत्य आपल्यासमोर ठेवले आहे: संध्याकाळी गटे आणि रिल्के यांच्यासारखे जर्मन भाषेतले थोर कवी वाचणारी माणसे सकाळी नाझी छळछावणीतल्या कामावर जाऊ शकत होती. सवय म्हणजे सद्गुण नव्हे. ती असूनही माणूस क्रूर होऊ शकतो, पण ती नसेल तर भल्या माणसाच्या हातूनही रोज अन्याय होत राहतो, आणि तो आपण केला हे त्याला कळतही नाही.

साहित्य वाचणारे तर नेहमी थोडेच होते, असेही म्हटले जाते. ते खरे आहे, मात्र त्या थोड्यांत शिक्षक होते, संपादक होते, न्यायाधीश होते, नाटके आणि पटकथा लिहिणारे होते. त्यांच्या बोलण्यातून, अग्रलेखांतून, निकालपत्रांतून ती सवय न वाचणाऱ्यांपर्यंतही झिरपत असे. आज ते थोडेही विरळ होत आहेत, आणि त्याचा परिणाम आपल्या सार्वजनिक भाषेत मला रोज दिसतो. कोणाचे एक वाक्य, एक छायाचित्र, अर्ध्या मिनिटाची चित्रफीत समोर येते आणि तासाभरात हजारो माणसे त्याचा निकाल लावतात. मी समासात लिहिलेले ‘स्वार्थी बाई’ हेच त्या निकालांचे रूप आहे. फरक इतकाच की माझी नोंद फक्त माझ्यापुरती होती, आणि तिच्या शेजारी ते पान छापलेले होते. मला मागे जाऊन बुटांवरचे वाक्य शोधता आले. ज्या माणसाचे एक वाक्यच तेवढे आपल्यासमोर आले आहे, त्याची मागची आठ-दहा पाने आपण कुठे शोधणार?

शिक्षणव्यवस्थेलाही यात मी निर्दोष मानत नाही. गोष्ट वाचून झाली रे झाली की मुलाला विचारायचे, यातून बोध काय मिळतो, अमुक पात्राचे स्वभावविशेष चार ओळींत लिहा. म्हणजे गोष्टीने जो निवाडा कष्टाने लांबवला, तो परीक्षेसाठी तातडीने करून मागायचा. अशा वाचनाचा मुलांना कंटाळा आला तर दोष त्यांच्याकडे जात नाही. त्यांना गोष्ट वाचू द्यावी, पात्रांवरून आपापसांत भांडू द्यावे, आणि उत्तर न मिळता घरी जाऊ द्यावे, इतके तरी आपल्याला सहज करता येईल.

ती कादंबरी सध्या माझ्या भाच्याकडे आहे. आठवडाभरात त्याची साठ पाने वाचून झाली आहेत. पत्र लपवण्याचा प्रसंग अजून बराच पुढे आहे. देण्यापूर्वी समासातली माझी नोंद खोडावी की राहू द्यावी, याचा मी विचार केला होता. ती मी तशीच राहू दिली आहे.