शेवटी युनिट चिकटवून डीई सुटत नाही

पुण्यातल्या सेकंड इयरच्या ग्रुपांवर फिरणारा फॉरवर्ड आता भाचीकडेही पोचलाय: ‘गतीची डीई (डिफरेन्शियल इक्वेशन, म्हणजे बदलाच्या दराचं समीकरण) सोडवताना युनिट लिहीत बसू नका. आकडे टाका, शेवटी युनिट लावा. इंटिग्रेशनच्या स्थिरांकाला युनिट नसतंच. पुढे नोकरीत सगळं सॉफ्टवेअर सांभाळतं.’ परीक्षा तोंडावर आलेल्या पोरांच्या गळ्यात असलं काही मारू नका!

पहिला मुद्दा सगळ्यात घातक, कारण तो कधीकधी खरा ठरतो. रोध वेगाच्या सरळ प्रमाणात असेल, तर वेग ताशी किमीत घातला तरी उत्तर ताशी किमीत बरोबर येतं. तेवढं मान्य. पण धावत्या गाडीला हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात होतो, आणि तिथे घात होतो. गाडी १२०० किलोची, न्यूट्रलमध्ये, टायरचं घर्षण सोडून द्या. रोधांक (वेगाच्या वर्गाला ज्याने गुणलं की रोध मिळतो तो आकडा) ०.६ किलो प्रतिमीटर. सुरुवातीचा वेग ताशी ७२ किमी, म्हणजे सेकंदाला २० मीटर. डीई सोडवली की वेग = सुरुवातीचा वेग ÷ (१ + रोधांक × सुरुवातीचा वेग × काळ ÷ वस्तुमान). १०० सेकंदांनी छेद येतो २, वेग सेकंदाला १० मीटर, म्हणजे ताशी ३६ किमी. आता फॉरवर्डप्रमाणे नुसते ७२ टाका: छेद ४.६, उत्तर १५.६५. पुढे ‘किमी/तास’ लिहिलं की दिसायला अगदी पटण्यासारखं, पण खऱ्याच्या निम्मंही नाही. शेवटी कशानेही गुणा, दुरुस्त होणार नाही. चूक छेदातल्या एकाच पदात शिरलीय. त्या पदात १ मिळवायचाय, म्हणून त्यातली सगळी युनिटं कटलीच पाहिजेत. लिहिली असती तर तास आणि सेकंद कटत नाहीत हे तिथेच दिसलं असतं.

स्थिरांकाचं म्हणाल, तर वेगावरून अंतर काढताना येणारा स्थिरांक म्हणजे सुरुवातीची जागा. ती मीटरमध्येच असते.

राहिलं सॉफ्टवेअर. अनेक फायनाइट एलिमेंट सॉफ्टवेअरना (वस्तूचे बारीक तुकडे पाडून गणित करणाऱ्या) युनिट कळतच नाही. मिमी, न्यूटन, सेकंद घेतलेत तर वस्तुमान टनात द्यावं लागतं. स्प्रिंग २० न्यूटन प्रतिमिमी, वजन ५० किलो, म्हणजे ०.०५ टन: कोनीय वारंवारता २० रेडियन प्रतिसेकंद. ५० टाकलेत तर ०.६३, आणि सॉफ्टवेअर हूं की चूं करत नाही. मंगळाकडे गेलेल्या नासाच्या मार्स क्लायमेट ऑर्बिटर यानाचा चौकशी अहवाल वाचा. जमिनीवरच्या सॉफ्टवेअरने थ्रस्टरचा (यान वळवणाऱ्या छोट्या इंजिनाचा) आवेग, म्हणजे बल × काळ, पाउंड-सेकंदांत दिला, मार्ग काढणाऱ्यांनी तो न्यूटन-सेकंद धरला. फरक ४.४५ पट. २३ सप्टेंबर १९९९ ला यान गमावलं.

वेळच वाचवायचा असेल तर सगळे आकडे आधी मीटर, किलो, सेकंदांत बदला. मग मधल्या पायऱ्यांत युनिट गाळलंत तरी चालेल. फक्त घातांकात, लॉगमध्ये आणि साइनमध्ये जाणाऱ्या राशीची युनिटं कटतात ना, तेवढं तपासा, आणि कॅल्क्युलेटर रेडियनवर ठेवा.