पांढरी बशी

माझ्या घड्याळात काही म्हणजे काही नाही. दोन काटे आहेत, खाली एका छोट्या खळग्यात सेकंदकाटा आपला आपला फिरत असतो, बाकी आकडे नाहीत तारीख नाही वार नाही रेडियम नाही, सेल तर नाहीच नाही. आकड्यांच्या जागी नुसत्या काड्या. बायकोने पहिल्यांदा हातात घेतलं, उलटं करून बघितलं, परत सुलटं केलं आणि म्हणाली, "दोन हजार युरोला पांढरी बशी आणलीस?" तेव्हापासून घरात त्याचं नाव बशी. "अरे, तुझी बशी बेसिनवर राहिलीये."

कंपनीचं नाव सांगत नाही, कारण पुढे सगळं रडगाणं आहे आणि त्यात त्या बिचाऱ्यांची काही चूक नाही.

चूक माझी. सहा वर्षं झाली जर्मनीत, सॅक्सनी राज्यातल्या ड्रेस्डेनला नोकरी करतोय, आणि एका रविवारी करायला काही नव्हतं म्हणून हायडेनाऊला गाडी बदलून ग्लासह्यूटेला गेलो. म्युग्लित्स नावाची एक ओढ्याएवढी नदी, तिच्या काठाकाठाने जाणारी छोटी गाडी, दोन्हीकडे डोंगर आणि मध्ये चिंचोळं गाव. तिथल्या खाणीतली चांदी संपली, लोक भिकेला लागले, तेव्हा १८४५ साली फर्डिनांड अडोल्फ लांगे नावाच्या माणसाने सॅक्सनी सरकारकडून कर्ज काढून पंधरा पोरांना घड्याळं बनवायला शिकवलं. मग शंभर वर्षं बरं चाललं, १९४५ च्या मे महिन्यात बॉम्ब पडले, मग पूर्व जर्मनीचं सरकारी खातं झालं, १९९० नंतर परत खाजगी कंपन्या आल्या. आजही त्या गावाचं नाव तबकडीवर लावायचं तर घड्याळाच्या आतल्या मशीनच्या किमतीतला निम्म्याहून जास्त वाटा गावातच तयार व्हावा लागतो. हे सगळं म्युझियममध्ये वाचून बाहेर आलो तेव्हा माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. पुढच्या शनिवारी घेऊन टाकलं.

दुकानातला माणूस बाऊहाऊसबद्दल बोलत होता. ती डिझाइनची शाळा वायमारला १९१९ मध्ये निघाली आणि नाझींमुळे १९३३ मध्ये बंद पडली, म्हणजे जेमतेम चौदा वर्षं. तेवढ्यात त्यांनी जे नको ते काढून टाकायचं असं जे काही शिकवलं ते मला अजून भोवतंय, कारण घड्याळातून जे जे काढलंय ना ते सगळं माझ्या डोक्यावर आलंय. तारीख मी लक्षात ठेवायची. सेलचं काम मी करायचं.

रोज सकाळी चावी द्यावी लागते. चावी म्हणजे बाजूचं ते बटण, मुगाच्या डाळीपेक्षा थोडं मोठं, ते अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून पुढेमागे फिरवायचं, कर्रर्र कर्रर्र आवाज येतो, पंचविसेक वेळा फिरवलं की बोटाला कळतं आता हे भरलं, तिथे थांबायचं, जोर करायचा नाही. हातावर असताना द्यायची नाही, काढूनच द्यायची. पोह्यांचं तेल बोटाला असेल तर बटण नुसतं निसटतं. एकदा भरलं की ४३ तास चालतं, म्हणजे शुक्रवारी सकाळी आठला चावी दिली आणि शनिवारी सुट्टीच्या नादात विसरलो की रविवारी पहाटे तीनच्या सुमारास बशी गार. मागच्या काचेतून आत बघता येतं, एक चाक सेकंदाला सहा ठोके देत इकडून तिकडे हलत असतं, ते मी वेळ बघण्यापेक्षा जास्त वेळा बघतो हे मान्य करतो. काटे निळे आहेत, पण त्यांना रंग दिलेला नाही, पोलाद तीनशे अंशांच्या आसपास तापवलं की तो निळा आपोआप चढतो. फार सुंदर दिसतो. उन्हात. ड्रेस्डेनच्या नोव्हेंबरात चार वाजताच अंधार पडतो, मग ट्राम स्टॉपवर कोट, स्वेटर आणि शर्ट अशा तीन बाह्या वर करून मी फोनचा टॉर्च घड्याळावर मारतो. फोनवर वेळ असते, हो. माहितीये.

आता मुख्य गोष्ट. सॅक्सनीत लोक वेळ सांगतात ती ऐकून आधी मला आनंद झाला होता, कारण 'ड्रायफिअर्टल आख्ट' म्हणजे चक्क पावणेआठ, आठाला पाव कमी, आपल्यासारखंच. मला वाटलं आपलेच लोक. पण 'हाल्प आख्ट' म्हणजे साडेआठ नाही, साडेसात, आठव्या तासाचा अर्धा झालाय म्हणून. आणि 'फिअर्टल आख्ट' म्हणजे सव्वासात! हे शेवटचं मला माहीत नव्हतं. हीटिंग बिघडलं होतं, प्लंबर म्हणाला उद्या फिअर्टल आख्टला येतो, मी समजलो सव्वाआठ. सकाळी बेल वाजली तेव्हा मी टॉवेलवर. तो आत आला, मी बशीकडे बघितलं तर सव्वासात. आता विचार करा, जर्मन प्लंबर तासभर आधी येईल का? शक्यच नाही. म्हणजे घड्याळ रात्री थांबलं असणार आणि सकाळी चावी दिल्यावर तिथूनच पुढे चालू झालं असणार. आकडे असते तर कदाचित आपलंच खरं मानायची हिंमत झाली असती, पण काड्यांच्या भरवशावर माणूस किती भांडणार. मी मुकाट्याने काटा एक तास पुढे केला, तो गेल्यावर कसेबसे कपडे चढवले, न खाता पळालो, आणि ट्राममध्ये फोन काढला तर आठला पाच कमी. ऑफिस नऊचं.

मग ते पळायला लागलं. दिवसाला पंधरा मिनिटं पुढे. वॉरंटी, सर्व्हिस, किती खर्च येईल, रात्रभर झोप नाही. गल्लीच्या टोकाला एक म्हातारे घड्याळजी बसतात त्यांच्याकडे नेलं. त्यांनी घड्याळ उघडलंसुद्धा नाही, शेजारी होकायंत्र धरलं, सुई गर्रकन वळली. माझ्याकडे बघून एवढंच विचारलं, "टॅब्लेट?" मी रोज रात्री बशी टॅबच्या कव्हरवर ठेवत होतो, त्यात लोहचुंबक असतात, आतली केसासारखी स्प्रिंग त्याने भारली गेली होती. आजोबांनी एका निळ्या डबीवर घड्याळ ठेवलं, बटण दाबलं, उचललं. झालं. पैसे घेतले नाहीत, पण मान जी हलवली त्यापेक्षा पैसे घेतले असते तर बरं.

यंदा मे महिन्यात पुण्याला गेलो तेव्हा बाबांनी बघायला मागितलं. पेपर वाचायचं भिंग आणलं, मागच्या काचेतून बराच वेळ बघितलं. मग कपाटातून त्यांचं एचएमटी जनता काढून आणलं, नोकरी लागली तेव्हा घेतलेलं, बंगळूरचं, त्यालाही चावीच.

"तुझ्यात खडे किती?" खडे म्हणजे आतली चाकं ज्यांत टेकून फिरतात ती बारीक माणकं.

"सतरा."

त्यांनी त्यांचं घड्याळ माझ्यापुढे धरलं. तबकडीवरच छापलेलं होतं, १७ ज्वेल्स.

"बरं," म्हणाले, आणि पुढे काही बोलले नाहीत, ते जास्त लागलं. आई मात्र आतून म्हणाली, "आकडे नाहीत म्हणतोस ना, मग कमी करून घ्यायचं होतंस."

निघायच्या आदल्या दिवशी बाबा म्हणाले, "तुझ्याच्याने हे व्हायचं नाही. इथे ठेवून जा. माझं दिलं की ह्यालाही देत जाईन." मी ठेवून आलो. मनगटावर आता पांढरा गोल वण आहे आणि वेळ फोनवर बघतो.

सुटलो असं वाटलं होतं. पण बाबा सकाळी चहा झाला की ठीक सातला दोन्ही घड्याळांना चावी देतात, फोनवरच्या वेळेशी लावून बघतात आणि किती सेकंद पुढे, किती मागे, ते मला मेसेज टाकतात. "बशी +७. जनता –२०." दुसऱ्या दिवशी, "बशी +६. जनता –२५. फोटो जोडला आहे." फोन उशाशी असतो, बंद ठेवायचा म्हटलं तर घरून कधी काय फोन येईल सांगता येत नाही. पुण्यात सकाळचे सात म्हणजे उन्हाळ्यात इथे पहाटेचे साडेतीन.

इथल्या भाषेत, हाल्प फिअर.