'वाचवलेलं' जंगल आधीच उभं होतं

मादागास्करच्या खाणींवरची एक पोस्ट सध्या फिरतेय. फांदीवर लेमूर आणि खाली दावा: खाण कंपन्या आता निसर्गसंस्थांना सोबत घेतात, त्यामुळे खाण संपेपर्यंत जंगल आधीपेक्षा वाढलेलंच असतं. मला ती तीन ग्रुपवर आली, तिन्हीकडे टाळ्यांसकट.

'वाढलेलं असतं.' ही भाषा रिओ टिंटो या खाण कंपनीची. आमच्या खाणींमुळे जैवविविधतेचा शेवटी फायदाच होईल, असं कंपनीने 2004 मध्ये जाहीर केलं. मादागास्करमधल्या तोलान्यारो शहराजवळची तिची इल्मेनाइटची खाण हा त्याचा नमुना. रंगातला, टूथपेस्टमधला पांढरेपणा ज्यातून येतो ते हे खनिज. ते किनाऱ्याच्या वाळूत मिळतं, आणि त्याच वाळूवर तिथलं दुर्मीळ किनारी जंगल उभं आहे. ते तोडायचं आणि बदल्यात उत्तरेकडचं बेमांगिडीचं जंगल राखायचं, असं ठरलं.

आता हिशेबाची वही बघा. समजा, इथे शंभर हेक्टर तोडलं. तिकडे गावकऱ्यांनी शंभर हेक्टर तोडलं असतं, ते आम्ही तोडू दिलं नाही. झाली फिटंफाट! पण तिकडचं जंगल आधीपासून उभंच होतं, त्यामुळे जमिनीवर शंभर हेक्टर कमीच. रोपं लावतात, नाही असं नाही, पण मोठी जमा या 'तोडलं असतं'चीच. तो अंदाज जितका फुगवाल तितकी जमा फुगते.

पोस्टची बाजू घेणारे म्हणतात, 'नामांकित संस्था असतात, म्हणजे नजर असते.' असते की. 2016 मध्ये रिओ टिंटोने जैवविविधतेच्या फायद्याचं ते ध्येयच सोडलं, तेव्हा खाणीच्या स्वतंत्र जैवविविधता समितीने राजीनामा दिला. तेवढंच त्यांच्या हातात होतं. खाण सुरूच राहिली.

'स्थानिकांचं भलं होतं.' बेमांगिडीभोवतीची माणसं डोंगरउतारावर 'तावी' करतात, आपल्याकडच्या कुमरीसारखी जंगल जाळून केलेली फिरती शेती. ती बंद झाल्यावर काहींनी कसावा थेट किनाऱ्याच्या वाळूत लावला. आपला साबुदाणा होतो तोच हा कंद, फक्त त्यांना तो उपासाला लागत नाही, रोजच्या जेवणाला लागतो. ज्यांनी खाण मागितली नव्हती, त्यांच्या शेतातून भरपाई वसूल झाली.

उरला अंबाटोव्हीचा दाखला, आणि तो वजनदार आहे. निकेल-कोबाल्टच्या या खाणीने सुमारे दोन हजार हेक्टर जंगल तोडलं. 2022 मध्ये 'नेचर सस्टेनेबिलिटी'त आलेल्या अभ्यासानुसार, तिने राखलेल्या जंगलांमुळे तिच्या तोडीच्या जवळपास 80 टक्के इतकी तोड टळली होती. हा कंपनीचा अंदाज नव्हे. तशाच दुसऱ्या जंगलांशी ताडून संशोधकांनी काढलेला आकडा आहे. त्याचं श्रेय द्यायलाच हवं. मात्र मोजलं ते जंगलाचं क्षेत्र, त्यातले प्राणी नव्हेत. आणि निष्कर्ष इतकाच, की खाण तोडीची भरपाई करण्याच्या वाटेवर आहे. पोस्ट लिहिणाऱ्याने आधाराला हाच अभ्यास घेतलाय, फक्त 'भरपाई'च्या जागी 'वाढ' लिहिलंय.