गोळ्यांची पिशवी आधी टेबलावर ओता

औषधं स्वस्त कुठे मिळतात हे नाशिककरांना सांगावं लागत नाही. सिडको, नाशिकरोड, अगदी सिन्नरहूनही लोक महिन्याची औषधं घ्यायला गोळे कॉलनीत येतात, सूट किती टक्के यावर घासाघीस करतात आणि भरलेली पिशवी घेऊन परत जातात. त्या पिशवीत नक्की काय आहे हे मात्र कुणी बघत नाही. माझं मत सरळ आहे: सत्तरीच्या माणसाचा औषधखर्च कमी करायचा असेल तर आधी यादी तपासा, दुकान नंतर शोधा. एकच औषध दोन नावांनी चालू असेल तर सूट घेऊनही पैसे दोनदा जातात, आणि त्रास होतो तो वेगळाच.

म्हणून घरातलं सगळं औषध एकदा टेबलावर काढा. बीपी-शुगरच्या गोळ्या तर आल्याच, पण डोळ्यांचे थेंब, इनहेलर, इन्सुलिन, आयुर्वेदिक चूर्ण, झोपेची गोळी, गुडघ्यासाठी मेडिकलमधून परस्पर आणलेली गोळीसुद्धा. मग एका कागदावर लिहा: ब्रँडचं नाव, त्याखाली बारीक अक्षरात छापलेला घटक, किती मिलिग्रॅम, कधी घ्यायची, कशासाठी, कुठल्या डॉक्टरांनी आणि केव्हापासून. ‘कशासाठी’चा रकाना जिथे रिकामा राहील, तिथून डॉक्टरांशी बोलायला सुरुवात करायची.

घटक वाचताना ब्रँडच्या शेपटाकडे लक्ष द्या. बीपीच्या गोळीपुढे ‘एएम’ असेल तर बहुतेक वेळा आत ॲम्लोडिपिन हे बीपीचं आणखी एक औषध असतं, ‘एच’ म्हणजे लघवी वाढवणारं हायड्रोक्लोरोथायाझाइड. शुगरच्या गोळीपुढचा ‘एम’ म्हणजे मेटफॉर्मिन, ॲसिडिटीच्या गोळीपुढचा ‘डी’ म्हणजे सहसा मळमळ थांबवणारं डोमपेरिडोन. फिजिशियननी ‘एएम’वाली गोळी दिलेली असते आणि हृदयाच्या डॉक्टरांनी ॲम्लोडिपिन वेगळं लिहिलेलं असतं. दोन्ही डॉक्टर आपापल्या जागी बरोबर, पण पेशंटच्या पोटात डोस दुप्पट. ॲसिडिटीच्या गोळ्यांचं तर विचारूच नका. हाडांचे डॉक्टर पॅन्टोप्राझोल देतात, डिस्चार्ज कार्डावर रॅबेप्राझोल असतं, घरी आधीचं ओमेप्राझोल चालूच असतं. तिन्हीचं काम एकच. त्यातही स्टेंट (हृदयाच्या रक्तवाहिनीतली जाळी) बसवल्यानंतर रक्त पातळ ठेवणारं क्लोपिडोग्रेल चालू असेल तर ओमेप्राझोल त्याचा परिणाम कमी करतं, तिथे पॅन्टोप्राझोल जास्त सोयीचं.

मला सगळ्यात जास्त खटकते ती गोळीवर गोळी चढत जाण्याची साखळी. ॲम्लोडिपिनने, विशेषतः 10 मिलिग्रॅमने, अनेकांच्या घोट्यावर सूज येते. ती किडनीची किंवा हृदयाची सूज समजून लघवीची गोळी सुरू होते. या सुजेवर त्या गोळीचा फारसा उपयोग होत नाही, पण रात्री चार वेळा उठावं लागतं आणि सोडियम-पोटॅशियम घसरतं. मग सारखी लघवी होते म्हणून मूत्राशय शांत करणारी गोळी येते. तिने तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठता होते, कधीकधी माणूस बरळायला लागतो. मग इसबगोल, मग झोपेची गोळी, आणि एखाद्या रात्री बाथरूमच्या वाटेवर पडून खुब्याचं हाड मोडतं. पहिल्याच टप्प्यावर ॲम्लोडिपिनचा डोस कमी केला असता किंवा औषध बदललं असतं, तर पुढची चारही औषधं लागली नसती. म्हाताऱ्या माणसाला नवा त्रास सुरू झाला की पहिला प्रश्न हाच विचारायचा: गेल्या महिना-दोन महिन्यांत कुठली गोळी नवी लागली किंवा कुणाचा डोस वाढला?

दुसरा धोका गुडघेदुखीच्या गोळीचा. बीपीची टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिल, सोबत लघवीची गोळी, आणि वरून दुखणं थांबवणारी डायक्लोफेनॅक किंवा ॲसेक्लोफेनॅक: या तिघांनी मिळून किडनीचा रक्तपुरवठा कमी होतो. त्यात जुलाब झाले किंवा मे महिन्याच्या उन्हात पाणी कमी पडलं तर काही दिवसांत क्रिएटिनिन, म्हणजे किडनी थकल्याचं सांगणारा रक्तातला आकडा, चढतो. पॅरासिटामॉल त्यामानाने सुरक्षित, पण दिवसाची एकूण मात्रा डॉक्टरांकडून ठरवून घ्या. सर्दीच्या गोळीत आणि दुखण्याच्या जोडगोळीतही तेच लपलेलं असतं.

शुगरच्या बाबतीत उपवास फार महत्त्वाचा. शुगर उतरवणारी ग्लिमेपिराइड घेऊन एकादशी करणं किंवा श्रावणी सोमवारी उपाशीपोटी ब्रह्मगिरीची फेरी मारणं म्हणजे शुगर घसरवून घेणं. उपवासाच्या दिवशी डोस किती, हे आधीच लिहून घ्या. ग्लिबेनक्लामाइड ही जुनी गोळी स्वस्त आहे, पण तिचा असर लांबतो आणि किडनी कमजोर असली की शुगर तासन्‌तास खाली राहते. वय झालेल्या माणसासाठी ही काटकसर नको.

वेळा पाळायच्या त्या मोजक्याच, पण त्या नीट पाळा. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी साध्या पाण्याने, चहा-नाश्ता अर्ध्या ते एका तासाने. कॅल्शियम आणि लोह तिच्यापासून चार तास लांब. ॲसिडिटीची गोळी जेवणाआधी अर्धा तास, मेटफॉर्मिन जेवणासोबत. नावापुढे ‘एसआर’, ‘एक्सआर’, ‘ईआर’ असेल ती गोळी औषध हळूहळू सोडणारी असते, ती कुटायची नाही, चावायची नाही. सगळं औषध एकदम बाहेर पडून बीपी किंवा शुगर धाडकन उतरू शकते.

आठवड्याचा कप्प्यांचा डबा घ्या, रविवारी एकाने भरावा आणि दुसऱ्याने यादीशी ताडून बघावा. संधिवाताचं मेथोट्रेक्सेट मात्र त्यात टाकू नका. ते आठवड्यातून एकदाच असतं आणि चुकून रोज गेलं तर जिवावर बेततं. ते वेगळ्या पाकिटात, वार लिहून. डबा गॅसच्या शेजारी किंवा फ्रिजच्या डोक्यावर ठेवू नये, तिथे उष्णता असते. एखादी वेळ चुकली तर पुढच्या वेळी दोन घ्यायच्या नाहीत. (आणि हो, कोलेस्टेरॉलच्या गोळीवर चालत नाही ते ग्रेपफ्रूट, पपनसाच्या जातीचं आंबट फळ. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षांवर तो आळ घेऊ नका. द्राक्षं मोजायची ती शुगरसाठी.)

ही यादी घेऊन सहा महिन्यांतून एकदा, आणि हॉस्पिटलमधून सुटल्यावर आठवड्याच्या आत, एकाच डॉक्टरांकडे जा. फॅमिली डॉक्टर असोत वा फिजिशियन, सगळी औषधं बघणारा माणूस एकच हवा. सोबत क्रिएटिनिन, सोडियम-पोटॅशियम आणि एचबीए1सीचे (गेल्या तीन महिन्यांची सरासरी शुगर) रिपोर्ट, आणि घरी घेतलेलं बीपी: एकदा झोपून, मग उभं राहिल्यावर एक आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. मग स्पष्ट विचारा, “यातली कुठली बंद करता येईल?” एका वेळी एकच बंद होते, दोन-चार आठवडे बघून मग पुढची. आपल्या मनाने काही बंद करू नका. बीपी-हृदयाचं मेटोप्रोलॉल, झोप-चिंतेसाठीचं अल्प्राझोलाम, स्टेरॉइड, फिटची औषधं, स्टेंटनंतरची रक्त पातळ ठेवणारी गोळी अचानक तोडली तर महागात पडतं.

यादी आटोपशीर झाली की मग पैशांकडे वळा. सरकारी योजनेच्या जनऔषधी केंद्रातलं औषध ब्रँडच्या निम्म्या किमतीत किंवा त्याहूनही खूप स्वस्त मिळतं. ‘जनऔषधी सुगम’ ॲपवर जवळचं केंद्र आणि किंमत दोन्ही दिसतं. पण चिठ्ठीवर ब्रँड लिहिला असेल तर शेड्यूल एचचं, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता न येणारं, औषध दुकानदाराला परस्पर बदलून देता येत नाही. म्हणून डॉक्टरांनाच घटकाचं नाव लिहायला सांगा, तशी अपेक्षा वैद्यक परिषदेच्या नियमांत आहे. तुलना करताना घटक, मिलिग्रॅम आणि एसआर-साधी हा प्रकार, तिन्ही जुळले पाहिजेत, आणि भाव पट्टीचा न बघता एका गोळीचा काढा, कारण पट्टी कधी 10 ची असते, कधी 15 ची. थायरॉइड, फिट आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफरिनच्या बाबतीत मात्र दर महिन्याला कंपनी बदलू नका. बदलली तर डॉक्टरांना सांगून पुन्हा तपासणी करा.

15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. आपलं जिल्हा रुग्णालय आणि शालिमारचं संदर्भ सेवा रुग्णालय त्यात येतं. बीपी-शुगरची नेहमीची औषधं आधी तिथे विचारा. रांग असते, औषध कधी नसतं, तरी विचारा. सत्तरीपुढच्यांसाठी केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेतलं वय वंदना कार्ड काढून ठेवा, पण 5 लाखांचं ते संरक्षण दाखल होण्यासाठी आहे. महिन्याच्या गोळ्यांचं बिल त्यातून निघणार नाही.

डोस अजून ठरत असेल तर तीन महिन्यांचा साठा करू नका. पट्टी कापून घेत असाल तर मुदत छापलेला तुकडा आपल्याकडे राहील अशी कापून मागा. दुकानदार कुरकुर करेल, करू द्या. आणि बिल घ्याच. त्यावर बॅच नंबर आणि मुदत असते, आणि गेल्या महिन्याच्या बिलाशी ताडलं की कंपनी किंवा मिलिग्रॅम बदललं का, हे दुकानातून निघण्याआधीच कळतं.