डाळिंबाचा रस

बंगाली रहस्यकथांमधल्या ब्योमकेश बक्षी या गुप्तहेरावरच्या माझ्या लेखाला तुम्ही दिलेली प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं, की गुन्हेगार निम्म्यातच ओळखू येतो, दर वेळी तीच खोली, गोष्ट सांगणारा तोच मित्र अजित, नोकर पुंटीरामचा तोच चहा. आणि माझ्यासारख्यांचं प्रेम खरं तर या गोष्टींवरच्या १९९३ च्या दूरदर्शन मालिकेवर आहे.

पहिला मुद्दा बराचसा मान्य. काही गोष्टींत गुन्हेगार मलाही आधीच कळला. तरी त्या मी पुन्हा पुन्हा वाचते, कारण मला त्या घरात काय चाललंय हे बघायचं असतं.

शरदिंदू बंद्योपाध्यायांनी १९३२ ते १९३६ मध्ये दहा गोष्टी लिहिल्या आणि ब्योमकेशला बाजूला ठेवलं. मग ते सिनेमासाठी लिहायला मुंबईला आले. पंधरा वर्षांनी, १९५१ मध्ये, 'चित्रचोर' आली. तिची सुरुवात आठवून बघा. प्रेत नाही, पोलीस नाही. आजारातून उठलेल्या ब्योमकेशला सत्यवती डाळिंबाचा रस प्यायला लावतेय आणि तो कुरकुरतोय! जिच्या भावावर खुनाचा आळ आला होता, ती 'अर्थमनर्थम्'मधली मुलगी आता हक्काने दटावणारी बायको झालीय. मधली वर्षं लेखकाने सांगितलीच नाहीत, ती त्या पेल्यातून कळतात. एकट्यादुकट्या रहस्यकथेला हे जमणार नाही. त्यासाठी आधीच्या दहा गोष्टी वाचलेल्या असाव्या लागतात.

आणि 'तीच खोली' म्हणता, तर मला तिचाच आधार वाटतो. हॅरिसन रोडवरचं बिऱ्हाड बहुतेक गोष्टींत तेच असतं म्हणून बाहेर कलकत्ता किती बदललं ते जाणवतं. 'पथेर काँटा'मध्ये भर रस्त्यात ग्रामोफोनच्या पिनांनी माणसं मरतात, तेव्हा गुन्हा हा एका विचित्र डोक्याचा खेळ असतो. 'आदिम रिपू'पर्यंत येता येता शहरच दंगलीत होरपळत असतं. हे कलकत्ता त्यांनी पुण्यात राहून लिहिलं, कारण १९५२ पासून १९७० मध्ये निधन होईपर्यंत त्यांचं घर पुण्यात होतं. मी पुण्याची, त्यामुळे हे कळल्यापासून या गोष्टी मला अधिकच जवळच्या झाल्या.

'तोच अजित' हे मात्र साफ चूक. शेवटच्या गोष्टी अजित सांगतच नाही, तो पुस्तकांच्या धंद्यात गुंतलेला असतो. 'बेणीसंहार' वाचताना त्याचा आवाज नसणं मला चक्क लागलं होतं.

मालिका मलाही प्रिय आहे. ब्योमकेश झालेला रजित कपूर आणि सत्यवती झालेली आपली सुकन्या कुलकर्णी अजून डोळ्यांपुढे येतात. पण अडतीस वर्षांत हळूहळू पोक्त होत गेलेला माणूस मला पुस्तकांतच भेटला.

एक विनंती करते. तुम्ही मिळेल ती गोष्ट मधूनच उचलून वाचलीत असं तुमच्याच लिहिण्यावरून दिसतं. 'अर्थमनर्थम्' आधी वाचा, लगेच 'चित्रचोर' घ्या, आणि मग मला पुन्हा लिहा. गुन्हेगार कोण ते आधी ओळखलंत तरी चालेल.